लेथवरची जुनी काडतुसं: थ्री-नॉट-थ्री, मस्केट आणि मार्टिनी

हिंदुस्थानात वापरलेल्या जुन्या काडतुसांच्या भरीव प्रतिकृतींपैकी तीन मापं पूर्ण झाली. खरी काडतुसं जमवण्याच्या वाटेला कुणी जाऊ नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत त्यांचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात. आपल्या प्रतिकृतीत पोकळी नाही, बुडाला टोपीचं (ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरचं) छिद्र नाही.

.३०३ साठी, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीसाठी, १६ मिमीचा फ्री-कटिंग (सहज कापला जाणारा) पितळी रॉड घेतला. नाशिकच्या अंबड-सातपूरला तुकडे वजनावर मिळतात. बुडाची कड (रिम) १३.७२ मिमी, बुडाजवळ ११.६८, गळा सुरू होण्याआधी खांद्याशी १०.१९, पुंगळीची (गोळी बसते त्या पितळी नळीची) लांबी ५६.४४. कड चककडे (रॉड पकडणाऱ्या जबड्याकडे) ठेवायची, गळ्याकडून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा, आधार द्यायचा. सेंटरचं भोक पुढे गोळीच्या खुंटीखाली झाकलं जातं. टूलला रेक (वरच्या पृष्ठभागाचा उतार) शून्य. स्टील कापण्यासाठी धार लावलेलं टूल पितळेत एकदम आत ओढलं जातं आणि टूलची धार तुटते. पुंगळीच्या उतारासाठी (टेपरसाठी) कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल तिरकं सरकवणारा भाग, सुमारे १ अंशावर ठेवायची. दोन्ही बाजूंचा मिळून पूर्ण कोन समजून २ अंश लावला, तर खांद्याशी व्यास ८.६ च्या आसपास येतो. गळाही तेवढाच असतो, म्हणजे खांदाच नाहीसा होतो.

गोळ्या दोन केल्या. १९१० पूर्वीची बोथट नाकाची २१५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि नंतरच्या मार्क ७ ची टोकदार, १७४ ग्रेनची. पुंगळी एकच असल्याने फरक लगेच डोळ्यात भरतो.

.४१० मस्केटचं काडतूस म्हणजे गळा न आवळलेली .३०३ ची पुंगळी, म्हणून बूड आणि कड वरच्याच मापाची. पोलिसांसाठी ली-एनफिल्ड या .३०३ रायफलची नळी गुळगुळीत केली, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच बार.

खरा वेळ मार्टिनी-हेन्रीने घेतला. १८७१ च्या या रायफलचं सुरुवातीचं काडतूस घडीव पितळेचं नव्हतंच: पातळ पत्र्याची गुंडाळी आणि बुडाला लोखंडी चकती. तापलेल्या, काजळी धरलेल्या चेंबरमध्ये गुंडाळी चिकटायची, एक्स्ट्रॅक्टर बूड उपटून काढायचा आणि बाकीची पुंगळी आतच राहायची. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लेआला रायफली अशाच अडकल्या. त्यानंतर भरीव बुडाच्या ओढीव पुंगळ्या आल्या. त्यामुळे भरीव पितळेतलं मॉडेल हे नंतरच्या काडतुसाचं होतं, पहिल्याचं नाही. पहिल्यासाठी लाकडी गाभ्यावर ०.१ मिमी पितळी शिम गुंडाळली, खाली १९ मिमीची माइल्ड स्टीलची चकती लावली. शिम कडक असते, सोडली की उलगडते; आधी मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करावी. ज्योत एका जागी थांबली तर भोक पडतं. गळ्यावर सुरकुत्या येतात, त्या घासू नयेत. अस्सल काडतुसावरही त्या असतात. गोळीवर कागदाचे वेढे हवेतच.

पावसाळ्यात पितळ काळवंडतं. पॉलिशनंतर हात न लावता लॅकर मारावा, नाहीतर बोटांचे ठसे खाली कायमचे राहतात.

पुढचं माप शिकारी रायफलचं .४७०. मार्टिनीच्या .४५० गोळ्या बंडखोरांना मिळू नयेत म्हणून सरकारने त्या बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) रायफली-काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली. त्यातून १९०७ मध्ये जोसेफ लँगचं हे काडतूस आलं. पुंगळी ८२.५ मिमी, लहान लेथच्या कंपाउंडला न पुरणारी. टेपर टेलस्टॉक सरकवूनच काढावा लागेल, आणि सेटओव्हर (टेलस्टॉक किती सरकवायचा ते अंतर) दोन सेंटरमधल्या पूर्ण लांबीवर मोजावा, नुसत्या टेपरच्या लांबीवर नाही.