टपालपेटीवर नाव लावलं का?

जर्मनीत एका सेमिस्टरसाठी आलेल्या विद्यार्थ्याने खोलीची किल्ली हातात पडल्यावर सगळ्यात आधी काय करावं? घरी फोन, गादीवर अंग टाकणं, वायफायचा पासवर्ड शोधणं, हे सगळं मागाहून चालेल. आधी खाली जाऊन टपालपेटीवर आपलं नाव लावावं. कागदाची पट्टी, त्यावर ठळक अक्षरात आडनाव, वरून पारदर्शक चिकटपट्टी. दारावरच्या घंटीपाशीही तसंच. आधीच्या भाडेकरूचं नाव अजून असेल तर ते काढून टाकावं, नाहीतर त्याची पत्रं आपल्याला येत राहतात आणि आपली कुठे जातात ते कळत नाही.

तिथल्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर बहुधा नसतोच. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, शहर, संपलं. पुढचा शोध पोस्टमन आडनावावरून घेतो आणि नाव दिसलं नाही की पत्र आल्या पावली परत जातं. ‘ती नवीन आलेली भारतीय मुलगी कुठे राहते हो?’ असं विचारायला खाली वॉचमन नसतो. बरं, येणारी पत्रंही काही दिवाळीच्या शुभेच्छांची नसतात. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, त्याचा पिन मुद्दाम वेगळ्या दिवशी दुसऱ्या पाकिटात. आरोग्यविम्याचं कार्ड, ऑनलाइन बँकिंग सुरू करायचा कोड, करदाता क्रमांक, सगळं टपालाने. इतका यंत्रप्रिय देश, पण महत्त्वाचं काही सांगायचं असलं की तो कागदावर छापून पाकिटात घालतो.

नाव कोणतं लावायचं, इथे मराठी माणसाची थोडी गंमत होते. पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आपलं नाव आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी बसलेलं असतं. जर्मन कार्यालयाच्या लेखी ही दोन्ही तुमचीच नावं. त्यामुळे मुलीच्या बँक कार्डावर वडिलांचं नाव तिचं दुसरं नाव म्हणून झळकतं. त्यावर वाद घालू नये. पासपोर्टात जे आहे तेच सगळीकडे, अक्षर न अक्षर, तसंच लिहावं. बँकेत एक, विम्यात दुसरं आणि विद्यापीठात तिसरं स्पेलिंग गेलं की तिघांच्या नोंदी एकमेकांशी जुळत नाहीत. टपालपेटीवर मात्र आडनाव पुरेसं. सुटीला गेलेल्या कुणाची खोली तात्पुरती घेतली असेल, तर पेटीवरच्या मूळ भाडेकरूच्या नावाने ‘द्वारा’ अशा अर्थी ‘सी/ओ’ लावून पत्ता द्यावा.

तात्पुरत्या खोलीतली खरी मेख पुढे आहे. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. या दाखल्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. ते एका दमात म्हणता आलं नाही तरी चालतं, पण तो कागद नसेल तर काम होत नाही. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. म्हणून खोली ठरवतानाच ‘हा दाखला मिळेल ना?’ असं विचारावं. उत्तरात टाळाटाळ दिसली तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. कारण व्हिसाची मुदत वाढवायची तर नोंदणी हवी, बऱ्याच बँकांना ती हवी, आणि अर्धवेळ काम करायचं तर लागणारा करदाता क्रमांकही नोंदणीनंतरच काही आठवड्यांनी पोस्टाने येतो. मोठ्या शहरांत नोंदणीसाठी वेळ मिळायची मारामार असते. ती भारतात असतानाच ऑनलाइन घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

नोंदणी झाली की तुम्ही न बोलावलेलं एक पत्र हमखास येतं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरामागे दरमहा १८.३६ युरो. खोलीत टीव्ही नाही, जर्मन येत नाही, हे खरं असलं तरी वर्गणी चुकत नाही. ती घराला आहे, माणसाला नाही. चौघे मिळून फ्लॅटमध्ये राहत असतील तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्र केराच्या टोपलीत टाकणं हा उपाय बरेच जण करून बघतात. त्यावर दंडाची रक्कम जोडलेलं पुढचं पत्र येतं.

घरून येणारं पार्सल पेटीत मावत नाही. तुम्ही वर्गात असाल तर ते शेजाऱ्याकडे ठेवून, कुणाकडे ठेवलं याची चिठ्ठी पेटीत टाकली जाते. शेजाऱ्यांशी ओळख होण्याचा हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. खाजगी भेटवस्तू ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते, पण आत काय आहे ते बाहेर नीट लिहिलेलं हवं. नुसतं ‘खाऊ’ चालत नाही. आणि साजूक तूप आईने कितीही प्रेमाने बांधून दिलं तरी पाठवू नये. युरोपीय संघाबाहेरून टपालाने दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

विद्यापीठाचं मात्र उलटं. ते पत्र पाठवत नाही, सगळं पोर्टलवर टाकतं आणि तुम्ही ते वाचलं असं गृहीत धरतं. वेळापत्रकात १० च्या पुढे ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. ‘एस.टी.’ असेल तर दहा म्हणजे दहा. एस.टी. म्हणजे अगदी वेळेवर, हे महाराष्ट्रातून आलेल्याला पचायला जरा जड जातं. तास संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. हे एका दिवसात अंगवळणी पडतं.

अंगवळणी पडत नाही ती परीक्षेची नोंदणी. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असं आपल्याला वाटतं. तिथे बहुतेक ठिकाणी या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत आणि दुसरीची खिडकी मधेच कधीतरी काही आठवडे उघडते. त्यात पाहुण्या विद्यार्थ्याची वेगळी अडचण. तो तिथल्या कुठल्याच पदवीला नसल्यामुळे पोर्टलवर त्याला परीक्षेचं बटणच पुष्कळदा दिसत नाही. मग छापील अर्जावर प्राध्यापकांची सही घेऊन तो परीक्षा कार्यालयात द्यावा लागतो. पहिल्या दोन आठवड्यांतच प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांना विचारून घ्यावं. अनेक विषयांत सगळे गुण त्या एका परीक्षेवर असतात, आणि फेरपरीक्षा होईल तेव्हा पाहुणा परतलेला असतो. हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास साधारण फेब्रुवारीच्या मध्यात संपतात, परीक्षा त्याच्या आगेमागे. आपल्याकडचं सत्र जानेवारीतच सुरू झालेलं असतं. त्या उशिराची लेखी परवानगी भारतातून निघण्याआधीच खिशात हवी.

हिवाळ्यात पेटीत घरव्यवस्थापनाचंही एखादं पत्र पडू शकतं. विषय बुरशी. खोलीत कपडे वाळत घातले, भात शिजवला, वर खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली, की भिंत गार पडते आणि हवेतली वाफ तिच्यावर जमते. हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, दिवसातून तीन-चारदा, आणि मग बंद. आंघोळीनंतर आणि स्वयंपाकानंतर तर नक्कीच. नाहीतर रंगकामाचे पैसे अनामत रकमेतून जातात.

परतताना हे सगळं उलट्या क्रमाने सोडवायचं. नगरपालिकेतली नोंद निघण्याच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी रद्द करता येते, त्याहून लवकर नाही. तिची पावती जोडून टीव्हीची वर्गणी वेगळी थांबवायची, ती आपोआप थांबत नाही. विम्याचंही तसंच. बँक खातं मात्र घाईने बंद करू नये, कारण खोलीची अनामत बहुधा तुम्ही गेल्यावर, काही आठवड्यांनी त्याच खात्यात जमा होते.

उरतं गुणपत्रक. ते यायला वसंत उजाडतो, तेव्हा परीक्षा कार्यालयात भारतातला पत्ता आणि चालू ईमेल देऊन ठेवावा. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. दहाच्या पट्टीला सरावलेल्या आपल्या परीक्षा विभागात १.३ हा आकडा पोचला तर हुशार मुलीचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून श्रेणींचा तक्ता सोबत मागून घ्यावा, इंग्रजीत आणि शिक्का मारून. संगणकावर निघालेल्या कागदाला शिक्क्याची गरज नाही, असं तिथला कर्मचारी सांगेल आणि त्याचं बरोबरच असेल. तरी शिक्का मारून घ्यावा.