फळ्यावरची कृष्णा

आमच्या शाळेत भूगोलाचे एक सर होते, साताऱ्यातच. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा हजेरीत आणि गोंधळात जायची, तरी सर फळ्यावर नुसत्या हाताने कृष्णा काढायचे. महाबळेश्वरपासून सुरुवात, मग माहुलीला वेण्णा, पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी, मग कराड. कराडला सर जरा थांबायचे, कारण तिथं कोयना अगदी समोरून येऊन भिडते आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात, ते वळण नीट आलं नाही तर पुसून परत काढायचे. मग खाली सांगलीजवळ हरिपूरला वारणा. आता तारळीवर कुठल्या बोर्डाच्या पेपरात प्रश्न येतो सांगा! आम्हाला कुणाला ते वळण चुकलंय हे कळलंही नसतं. बेल झाली की पुढच्या तासाच्या बाई येऊन डस्टर फिरवायच्या, आणि सर शेजारच्या तुकडीत जाऊन पहिल्यापासून तीच नदी तेवढ्याच मन लावून काढायचे.

गॅदरिंगला दरवर्षी कोणीतरी पाहुणे यायचे, 'असामान्य बना, ध्येय मोठं ठेवा' वगैरे. टाळ्या आम्हीच वाजवल्यात, पण त्यातलं एक वाक्य आठवत असेल तर शपथ. सर मात्र असलं काही कधी बोलले नाहीत. उलट जरा तिरसटच होते, शाबासकी वगैरे भानगड नाही.

आता मी सांगलीत एका सिव्हिलवाल्यांच्या ऑफिसात ड्रॉइंगं करते. बरीचशी कामं म्हणजे घराचे प्लॅन, कंपाउंड, सेप्टिक टँक. मंजुरीचा शिक्का बसला की तो कागद फायलीत जातो, कोणी उघडून बघत नाही. तरी जिन्याच्या पायऱ्यांची मापं जुळेनात तर मी बसते, संध्याकाळ होते, आमचे साहेब म्हणतात अहो पास होतंय ना, मग चालतंय की! त्यांचंही खरंय, पगार तेवढाच मिळतो. पण मला ते जमतच नाही, आणि हे खूळ कुठून आलं याचा विचार केला की तो निळा खडू दिसतो, दुसरं काही नाही. माझ्या मते सामान्यच्या पुढे जाणं म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं, कोणी मागितलेलं नसताना जरा जास्त नीट करणं.

बरं, मास्तरांनी कळून सवरून केलेलंही आपल्याकडं कमी नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे सांगता येतं, याचे पोवाडे होतात. नकळत होतं त्याची नोंद कोण ठेवणार, करणाऱ्यालाच पत्ता नसतो.

आणि नकळत सगळं चांगलंच होतं असंही नाही हां. माझी एक मैत्रीण होती, हुशार, सातवीत फळ्यावर अपूर्णांकाचं गणित अडलं तर बाई सहज म्हणाल्या, 'बस खाली, तुझं काम नाही ते.' बाईंना पुढचा पोर्शन संपवायचा होता, बाकी त्यांच्या मनात काही नसणार. पण हिने दहावीनंतर गणिताकडं बघितलं नाही. आज ती गावात बचत गटाचा सगळा हिशोब ठेवते, बँकेच्या साहेबांनाही चूक काढून दाखवते, आणि तरी प्रत्येक बेरीज कॅल्क्युलेटरवर पुन्हा पुन्हा करून वर मला फोन करून विचारते, 'बघ गं, बरोबर आहे ना?' बरोबरच असते दरवेळी. त्या बाई आता पेन्शन घेऊन निवांत असतील, त्यांना हे सांगायला गेलो तर 'मी असं कधी म्हणाले?' असंच म्हणतील, आणि खोटंही नसेल ते.