जोनी मिचेलचा 'हेजिरा' आणि तो बेस

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल म्हटलं की लोक थेट तिच्या 'ब्लू' या अल्बमवर जातात, आणि ठीके, 'ब्लू' भारीच आहे, पण मला विचाराल तर तिचं खरं धाडस १९७६ च्या 'हेजिरा' या अल्बममध्ये आहे.

फोकवाली बाई जॅझकडे वळली म्हटल्यावर वाटतं आता सॅक्सोफोन, ट्रम्पेट सगळं येणार. इथे जॅझ येतो तो मुख्यतः बेसिस्ट जॅको पास्टोरियसच्या फ्रेटलेस बेसमधून (म्हणजे दांडीवर पडदे नसलेली बेस गिटार, त्यामुळे स्वर सरकवत नेता येतो), आणि तोही नऊपैकी चारच गाण्यांत. लहानपणी पोलिओ झाल्याने जोनीचा डावा हात कमजोर, म्हणून ती गिटारच्या तारा आपल्या सोयीने वेगळ्याच लावायची, त्यातून जे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) निघायचे ते धड मेजर नाहीत धड मायनर नाहीत, अधांतरी. आता त्याखाली रॉकवाला बेसिस्ट मूळ स्वर धरून बसला की सगळी मजाच गेली ना! जॅको तसा बसत नाही.

त्यातलं 'कोयोटी' हे गाणं हेडफोन लावून ऐका. ती गिटार खसाखसा वाजवत एका दमात गोष्ट सांगत सुटते, आणि बेस ठेका सांभाळायचा सोडून तिची ओळ संपली रे संपली की वरती येऊन मींड घेत उत्तर देतो, मग पुन्हा गायब. बेस मागे असतो हे डोक्यातून काढून टाका.

बरीच गाणी तिने अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातून पार पश्चिमेच्या लॉस एंजेलिसपर्यंत एकटीने गाडी चालवत येताना लिहिली, त्यामुळे असेल, कोरस असे नाहीतच, 'साँग फॉर शेरन' तर साडेआठ मिनिटांच्या वर जातं. (इथे काही लोक कंटाळतात. कंटाळू देत.) 'अमेलिया'त बेसही नाही, ड्रम्सही नाहीत, दोन गिटार आणि व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य), आणि विमानासकट हरवलेल्या वैमानिक अमेलिया इअरहार्टशी गप्पा. शीर्षकगीतात शब्दांत जॅझचा प्रसिद्ध क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचं नाव येतं आणि मागे हळूच क्लॅरिनेट वाजून जातं, जेमतेम काही सेकंद, मला बरेच दिवस लक्षातच आलं नव्हतं.

१९७९ मध्ये तिने जॅझ बेसिस्ट आणि संगीतकार चार्ल्स मिंगसच्या चालींवर 'मिंगस' हा अल्बम केला, हर्बी हॅनकॉक, वेन शॉर्टर सगळे दिग्गज घेऊन. आदर आहे, पण तिथे ती जरा जपून गाते असं वाटतं. आणि 'हेजिरा'वरही 'ब्लू मोटेल रूम' हे अगदी ठरावीक जॅझ बॅलडच्या थाटाचं गाणं आहे ना, तेच नेमकं मी स्किप करतो.