खारवट रानात घेवडा नको, गवार लावा

हडपसरहून थेऊरकडे जाताना आमचं रान लागतं. काळी माती, उसाला वर्षानुवर्षं पाटपाणी, खाली निचरा नाही. उन्हाळ्यात वरंब्यांवर पांढरे क्षार फुललेले लांबूनही दिसतात. ‘असल्या रानात शेंगभाजी होत नाही’ असं सरसकट बोललं जातं, ते मला अजिबात पटत नाही. कुठली शेंग लावता, यावर सगळं आहे.

श्रावण घेवडा सगळ्यात नाजूक. संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची क्षारता मीटरला १ डेसिसायमनच्या वर गेली की त्याचं उत्पन्न घटायला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १९ टक्क्यांनी घटत जातं. मूग १.८ नंतर मागं पडतो. चवळी मात्र ४.९ पर्यंत तग धरते आणि गवार थेट ८.८ पर्यंत! म्हणून सासूबाईंना घेवडा कितीही आवडत असला तरी तो आमच्याकडे मंडईतून येतो. रानात गवार आणि चवळी.

माती परीक्षणाच्या अहवालातला आकडा मात्र या आकड्यांशी थेट ताडू नका. प्रयोगशाळेत बहुतेकदा एक भाग मातीत दोन-अडीच भाग पाणी घालून क्षारता मोजतात, त्यामुळे आकडा लहान दिसतो. तिथं १ च्या वर दिसलं तरी उगवणीची काळजी घ्यायची.

त्याच कागदावर सामूही (pH) बघा. जमीन बिघडली की लोक आधी जिप्समच्या गोण्या आणतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तिथं ते कामाला येतं. नुसती खारवट जमीन असेल तर चर काढून निचरा करायचा आणि गोड्या पाण्यानं क्षार खाली धुवून काढायचे. निचऱ्याविना नुसतं पाणी दिलं तर भूजल वर येतं आणि मीठ परत वर.

आता टोकणी. सरीतलं पाणी वरंब्यात चढतं, माथ्यावर उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. बोटानं खरवडलं तर पिठासारखी भुकटी निघते. तिथं बी टोकलं की कोंब जळालाच. आम्ही वरंब्याच्या बगलेला, ओलीच्या रेषेच्या जरा वर टोकतो. उगवेपर्यंत माती सुकू द्यायची नाही. पाणी हलकं पण लवकर लवकर. रोपं वर आली की मध्ये उसाचं पाचट अंथरतो, म्हणजे बाष्पीभवन कमी आणि क्षार वर येणंही कमी.

बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारं जिवाणू खत चोळतो, ते गवारीलाही चालतं. पण मिठात गाठी नीट धरत नाहीत, म्हणून महिन्याभरानं एखादं रोप मातीसकट हळूच उपटून बघते. गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी निघाली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरट, बारीक गाठी असतील तर त्या पट्ट्याला थोडा नत्र वरून देते.