दुकानाला शटर असतं, मग धंद्याच्या फोनला का नको?

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझा आवाज गेला. म्हणजे घसा बसला वगैरे नाही, गेलाच, सकाळी उठून ह्यांना हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती हवा. आणि त्या आठवड्यात आमच्या घरी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी चालू, फोन दर पाच मिनिटाला वाजतोय, आणि उचलून मी बोलणार काय!

मी नवीन पनवेलला राहते, नऊ वर्षं झाली घरूनच ऑर्डरी घेते, पुरणपोळी, मोदक, दिवाळीचा फराळ. इतकी वर्षं नंबर एकच होता, मुलाच्या शाळेला तोच, नातेवाईकांना तोच आणि गिऱ्हाइकांनाही तोच. सकाळी सहाला "ताई झोपलात का, फक्त रेट विचारायचा होता" पासून रात्री साडेअकराला "उद्या दहा पोळ्या जमतील का हो" पर्यंत. आणि मी उचलायचे, कारण गिऱ्हाईक गेलं तर? हात उकडीत बरबटलेले, कोपराने हिरवं बटण सरकवायचं, खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून मोदकाच्या कळ्या पाडत बोलायचं, शेजारी मिक्सर चालू म्हणून ओरडून बोलायचं. फोनच्या चार्जिंगच्या भोकात तांदळाची पिठी जाऊन बसली होती, दुकानदाराने सुईने काढली तेव्हा म्हणाला काकू यात तर अख्खी भाकरी होईल.

त्या गडबडीत एका घरी एकतीसच्या जागी एकवीस मोदक गेले. फोनवर मला एकवीस ऐकू आलं, मिक्सर चालू होता. त्यांच्याकडे नैवेद्याला पाहुणे बसलेले आणि दहा मोदक कमी. त्या बाई काहीच बोलल्या नाहीत, पण मला ते आजही टोचतं.

आवाज गेल्यावर जो तो काढा सांगायला लागला. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस, लवंग, सगळं उकळून दिवसातून चार वेळा घेतला, तिसऱ्या दिवशी घशाचं राहिलं बाजूला आणि छातीत अशी आग पडली की रात्रभर बसून काढली. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आत दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं की घशाला काढा नकोय, सुट्टी हवीये, स्वरयंत्राला सूज आहे ती बोलून बोलून आली आहे. आणि एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती, कुजबुजायचंसुद्धा नाही. मला वाटत होतं हळू बोललं की घशाला आराम, तर उलट, कुजबुजताना घशाला जास्त ताण पडू शकतो. बोलायचंच झालं तर साध्या आवाजात, थोडं. दिवसभर पाण्याचे घोट, दिवसातून दोनदा साध्या पाण्याची वाफ (पातेलं टेबलावर नीट ठेवून, मुलं लांब, वाफ घेताना भाजलेली माणसं मी बघितली आहेत), मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तिखट-तळकट बंद. आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज घोगरा राहिला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, दाखवायचं.

मी घरगुती उपायांच्या विरोधात अजिबात नाही हं. माझ्या सासूबाईंकडून मी खूप शिकले, ओव्याची पुरचुंडी, हळदीचं दूध, बाळंतिणीचा डिंकाचा लाडू. पण 'नैसर्गिक आहे म्हणजे कितीही घ्या' हे मला पटत नाही. गुळवेलीचंच बघा. कोविडच्या काळात आमच्या इमारतीत निम्मी माणसं सकाळी गुळवेलीचा रस पीत होती. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती छापली, गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या, त्यातल्या काहींना आधीपासून दुसरे आजार होते. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की ती वेल खरी गुळवेलच होती याची खात्री करायला हवी होती, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असते. मला यातून एवढंच कळलं की ज्याला डायबेटिस आहे, लिव्हरचा त्रास आहे, रोजच्या गोळ्या चालू आहेत, त्याने शेजारणीच्या सांगण्यावरून रोज कसलाच रस प्यायचा नाही, आधी आपल्या डॉक्टरांना किंवा चांगल्या वैद्यांना विचारायचं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, अगदी बोटभरसुद्धा नाही, आजी रागावली तरी.

असो. तर डॉक्टरांनी पाच दिवस मौन सांगितलं आणि मौनात धंदा कसा करायचा हा प्रश्न पडला. तेव्हा ह्यांनी जे सुचवलं त्याने माझं आयुष्य बदललं असं मी मनापासून म्हणते. आमच्या हॉलमध्ये लँडलाइन आहे, वायफायसाठी घेतलेली, सासूबाईंशिवाय कुणी वापरत नाही. तर व्हॉट्सअॅप बिझनेसवर, म्हणजे धंद्यासाठीच्या वेगळ्या व्हॉट्सअॅपवर, लँडलाइनचा नंबरही चालतो! बऱ्याच जणींना हे माहीत नसतं. कोड मेसेजने येणार नाही हे उघड आहे, म्हणून 'कॉल करा' हा पर्याय निवडायचा, लँडलाइन वाजते आणि मशीन सहा आकडे बोलून दाखवतं. आमच्याकडे फोन सासूबाईंनी उचलला, चष्मा लावून, हिशोबाची वही पुढ्यात घेऊन. मशीन भराभर बोललं, त्यांचे चार आकडे लिहून झाले आणि फोन बंद. परत मागवला. दुसऱ्या वेळी त्यांनी सहाच्या सहा टिपले आणि वही माझ्यापुढे धरली, सगळे मराठी आकडे, खाली दोन रेघा. मला बोलता येत नव्हतं म्हणून मी त्यांचा हात दाबला.

आता माझा खासगी नंबर फक्त घरच्यांकडे. धंद्याचा नंबर लँडलाइनचा, त्यावर फोन आला तर सकाळी दहा ते बारा सासूबाई घेतात, वहीत लिहितात: नाव, काय, किती, कधी. आकडा दोनदा म्हणून घेतात, "एकतीस म्हणजे तीनावर एक ना?" असं. बाकी सगळं व्हॉट्सअॅपवर, लेखी. त्यात कामाची वेळ घालता येते, मी सकाळी दहा ते संध्याकाळी सात ठेवली आहे. वेळेबाहेर मेसेज आला की आपोआप उत्तर जातं, "नमस्कार, उद्या सकाळी दहानंतर नक्की उत्तर देते." नवीन माणसाला आपोआप स्वागताचा मेसेज जातो, त्यात मी रेट आणि किती दिवस आधी सांगावं लागतं ते लिहून टाकलंय, त्यामुळे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. कॅटलॉगमध्ये फोटो आणि किंमत. रोज तेच तेच टाइप करायचं ते 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवलं, आता नुसती तिरकी रेघ मारून एक अक्षर लिहिलं की अख्खा पत्ता येतो, त्याने माझ्या अंगठ्याच्या मुळाशी जी कळ यायची ती बरीच कमी झाली (टायपिंग आणि कळ्या पाडणं, दोन्हीला तोच अंगठा!). लेबलंही लावते, 'पैसे आले', 'पैसे बाकी', 'पोचवलं'. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायची यादी, करणार असाल तर एक लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, त्यामुळे पहिल्या ऑर्डरलाच नंबर सेव्ह करायला सांगायचं.

रात्री फोनचा आवाज बंद ठेवला तर अडीअडचणीला घरच्यांचा फोन कसा लागणार ही भीती मलाही होती. अँड्रॉइड फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब'ला अपवाद ठेवता येतात, आवडीचे नंबर वाजू द्यायचे, आणि कुणी पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा केला तरी वाजू द्यायचा. माझ्या आईसाठी मी ते करून ठेवलंय.

आणि एक कळकळीने सांगते. मोठी ऑर्डर, घाई, आणि "मी आर्मीतून बोलतोय, पैसे आधीच पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर ठेवून द्या. माझ्या ओळखीतल्या एका डबेवालीचे असेच पैसे गेले, बिचारीने पन्नास डब्यांची भाजी चिरून ठेवली होती. पैसे घ्यायला पिन कधीच घालावा लागत नाही, पिन म्हणजे पैसे जाणारच. गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर तितकं पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता मंगळवार. मंगळवारी आमचा फोन पूर्ण बंद, आणि त्या दिवशी मी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जाते. दर मंगळवारी जमत नाही, महिन्यातून दोनदा तरी. पनवेल डेपोतून पेणकडे जाणारी एसटी धरायची आणि कर्नाळ्याला हायवेवरच उतरायचं, अर्ध्या तासाच्या आसपास. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. अभयारण्य १९६८ चं, आकाराने लहान, बारा चौरस किलोमीटरच, पण पक्षी भरपूर. रविवारी जाऊ नका. रविवारी डबे, स्पीकर, आरडाओरडा. तिथल्या किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठमोठी पोळी असतात, तिथे कुणी सेंट मारून गाणी लावत चढतं हे बघून माझ्या पोटात गोळा येतो, माश्या उठल्या तर पळायला जागा नसते. आदल्या दिवशी आत किती वाजता सोडतात ते विचारून घ्या, पाणी स्टीलच्या बाटलीत न्या, पूर्ण पँट घाला.

किल्ला चढायचा नसेल तर हरियालची पायवाट सोपी आहे, माझ्या सासूबाई काठी घेऊन बरीच चालल्या. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, हिरवं-पिवळं कबूतर, वडा-उंबराच्या फळांवर येतं.

पहिल्यांदा गेले तो दिवस सांगते. पाऊस नुकताच थांबलेला, पानांवरून थेंब पडतायत, आणि ओढ्याच्या बाजूने कुणीतरी शीळ घातली. संथ, वरखाली जाणारी, अगदी माणसासारखी. माझा हात सरळ पिशवीत गेला, फोन शोधायला. फोन घरी होता. परत शीळ आली तेव्हा मी थांबून ऐकलं, तो शीळकरी कस्तूर होता, निळा-काळा, दगडावर बसलेला, उडाला तेव्हा खांद्यावरची निळाई चमकली. मी तिथेच दगडावर बसले, किती वेळ ते माहीत नाही, घड्याळही फोनमध्येच होतं ना.

यावर्षी गणपतीच्या ऑर्डरी चतुर्थीच्या चार दिवस आधी बंद करणार आहे, स्वागताच्या मेसेजमध्ये तसं घालून ठेवलंय. सासूबाईंनी नवीन वही आणलीये, पहिल्या पानावर श्री घालून झाला. आणि काल मला विचारत होत्या, गौरी गेल्यावरचा मंगळवार मोकळा आहे ना, ती शीळ अजून ऐकू येईल का तोवर.