सीपीयूचे काउंटर उघडले आणि मग कळलं

एप्रिलचं सोलापूर, दुपारी टेबलाला हात लावला तरी चटका बसतो, त्यामुळं माझा प्रोग्रॅम रेंगाळायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, मशीन तापतंय, कूलर लाव. मलाही तेच वाटलं. काकांच्या चादरींची जॅकार्ड डिझाइनं स्कॅन करून साफ करायचा प्रोग्रॅम आहे तो, एका डिझाइनला चहा पिऊन होईस्तोवर वेळ घ्यायचा.

पण मागावर कसं, आडवा धागा किती वेळा गेला ते मोजणारं मीटर असतं आणि काका सकाळी आल्या आल्या आधी तेच बघतात, तसे मीटर प्रोसेसरच्या आतपण असतात, त्यांनाच काउंटर म्हणतात. सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) किती गेल्या, इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला दिलेल्या सूचना) किती झाल्या, कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, डेटा किती वेळा सापडला नाही, सगळं हार्डवेअरच मोजतं. वाचायला मात्र कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, वाट द्यावी लागते. लिनक्समध्ये ही सोय २००९ मध्ये, २.६.३१ पासून आली, त्याआधी लोक वेगळे पॅच लावून कर्नल कंपाइल करत बसायचे.

मी हे काउंटर वाचणारी कमांड, परफ स्टॅट, मारलं तर सायकलपुढं 'नॉट सपोर्टेड'. तासभर कर्नलची कॉन्फिग फाइल चाळली, परफ इव्हेंट्सचा ऑप्शन तर 'वाय' होता! मग ट्यूब पेटली, मी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये बसलोय, आणि तिथं खरे काउंटर आत सोडलेलेच नाहीत. सरळ डिस्कवर उबंटू टाकलं. आता वेगळंच, परवानगी नाही. काउंटर कुणाला वाचू द्यायचे ते ठरवणारी कर्नलची सेटिंग, परफ_इव्हेंट_पॅरानॉइड, ४ वर होती, ती सिसीटीएल या सेटिंग बदलायच्या कमांडनं १ केली. आणि ही सेटिंग सिसीटीएल डॉट डी मधल्या फाइलीत लिहून ठेवा बरं का, नाहीतर रीबूट झालं की परत पहिल्यापासून, आणि आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

अजून एक, एनएमआय वॉचडॉग, म्हणजे मशीन अडकलंय का यावर नजर ठेवणारा कर्नलचा पहारेकरी, स्वतःसाठी एक काउंटर धरून बसतो. काउंटर मुळात मोजकेच, बऱ्याच इंटेलवर हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) चालू असताना प्रत्येक थ्रेडला चार जनरल, हवं ते मोजणारे, आणि तीन ठरावीक गोष्टच मोजणारे. जास्त इव्हेंट (मोजायच्या गोष्टी) मागितले की कर्नल ते आळीपाळीनं मोजतो आणि परफ उरलेला आकडा हिशोबानं भरतं, ओळीच्या शेवटी टक्केवारी दिसली की समजायचं. मी वॉचडॉग शून्य करून बंद केला आणि एका वेळी चारच इव्हेंट घेतले.

आणि आकडे आले. सायकलपुढं गिगाहर्ट्झ दाखवतो ना, तो पूर्ण होता, म्हणजे तापून प्रोसेसरचा वेग कमी झालाच नव्हता, उन्हाचा काही संबंध नाही! कॅश मिस मात्र भरमसाट. चित्र मेमरीत आडव्या ओळींनी ठेवलेलं आणि माझा लूप उभा खाली खाली जात होता, एका पिक्सेलसाठी ६४ बाइटची अख्खी लाइन ओढून आणायची आणि बाकी तशीच टाकून द्यायची. दोन लूपची अदलाबदल केली, दोनच ओळी, आणि वेळ निम्म्याच्या खाली आला.

काकांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "मीटर बसवलंस म्हण की." आता उद्या त्यांच्या मोठ्या मोराच्या डिझाइनवर ब्रँच मिस, म्हणजे पुढं कुठल्या वाटेनं जायचं याचा प्रोसेसरचा अंदाज किती वेळा चुकला, ते बघायचेत.