कांजिण्या नातवाला, धावपळ घरच्यांची

मार्चची ओपीडी. आजी नातवाला घेऊन आल्या. वय सहा, पोटापाठीवर पाणी भरलेले फोड, कालपासूनचे. "सरकारी सगळ्या लशी झाल्यात बघा," म्हणत त्यांनी कार्ड पुढे केलं. कार्ड चोख होतं. पण कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाहीच, ती खासगीत विकत घ्यावी लागते. हे पालकांना बहुधा फोड दिसल्यावरच कळतं.

पोरगा खेळकर होता, त्याची चिंता नव्हती. ॲस्पिरिन देऊ नका, नखं कापा, खपल्या धरेपर्यंत शाळा नाही, एवढं सांगितलं आणि विचारलं, "घरी आणखी कोण कोण?"

सोळा महिन्यांची धाकटी. बाळंतपणाला आलेली आत्या, सातवा महिना. आणि मुलाचे बाबा. आत्या आणि बाबा, दोघांनाही लहानपणी कांजिण्या आल्याचं आजींना आठवत नव्हतं.

सगळ्यांना लगेच बोलावलं. फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण पसरते, आणि संपर्कानंतरची लस तीन दिवसांत दिली तर चांगली लागू पडते. फार तर पाच. धाकटीला तिथंच पहिला डोस दिला. तसाही तो पंधराव्या महिन्यात द्यायचा असतो, दुसरा त्यानंतर तीन महिन्यांनी. आत्याला लस देता येत नव्हती; ती जिवंत विषाणूची, गरोदरपणात चालत नाही. अँटीबॉडीची तपासणी पाठवली. नसत्या तर दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, मिळवायची धडपड होती. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: अँटीबॉडी आहेत. म्हणजे कधीतरी येऊन गेल्या होत्या, कुणाच्या ध्यानात राहिल्या नाहीत इतकंच.

बाबा मात्र हसले. "पोरांचा आजार आहे डॉक्टर, मला काय होतंय?" मोठ्यांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, हे ऐकून तर त्यांनी हातच जोडले.

पंधरवड्यानं तेच आले. अंगभर फोड, ताप, जिना चढताना धाप. सिगारेट ओढणारे, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर डाग. फिजिशियनकडे दाखल केलं, शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध, ऑक्सिजन. बरे झाले, पण कामावर जायला महिना लागला.

डिस्चार्जनंतर भेटायला आले तेव्हा विचारलं, "आता घेऊ का ती लस?"

"आता तुम्हाला नको. धाकटीचा दुसरा डोस तेवढा चुकवू नका."

आजींनी तारीख कार्डावर माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतली.